माजुरो, बिकिनी आणि नारळातलं सीझियम

खलाशी_गुहागर: आमच्या टँकरच्या मागे ‘माजुरो’ रंगवलंय, म्हणजे नोंदणी पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांची, माजुरो ही त्यांची राजधानी. जहाजावर तिथे पाय ठेवलेला एकही नाही. काल मेसमध्ये विषय निघाला की अमेरिकेने तिथेच अणुबॉम्ब फोडले आणि अजून तिथला नारळ खायचा नाही. सत्तर वर्षं झाली की! नारळात अजून कसं?

माडबागायत_वेंगुर्ले: माजुरोत नाही रे, तिथून सुमारे ८०० किलोमीटरवर बिकिनीला आणि त्याहून लांब एनेवेटाकला. १९४६ ते १९५८, एकूण ६७ चाचण्या. १ मार्च १९५४ चा ‘ब्राव्हो’ सगळ्यांत मोठा, १५ मेगाटन, अंदाजाच्या अडीचपट. पोवळ्याची किरणोत्सारी भुकटी शेजारच्या राँगेलाप बेटावर पडली, पोरं तीत खेळली. लोकांना हलवलं दोन दिवसांनी.

आता नारळ. माड पोटॅशचा हावरा, म्हणून तर आपण दरवर्षी घालतो. बिकिनीची जमीन म्हणजे नुसती पोवळ्याची वाळू, तीत पोटॅश नावालाच. स्फोटातून पडलेलं किरणोत्सारी सीझियम-१३७ त्याच जातकुळीचं, त्यामुळे मुळं तेच ओढतात आणि थेट शहाळ्यात पोचवतात. निम्मं व्हायला ३० वर्षं.

चाचण्यांसाठी हलवलेल्या बिकिनीच्या लोकांना १९६८ मध्ये अमेरिकेने ‘आता परत जा’ म्हटलं, नवे माडही लावून दिले. काही कुटुंबं परतली, तिथलं खाल्लं, आणि अंगात सीझियम वाढलेलं दिसल्यावर १९७८ मध्ये पुन्हा बोटीत! बॉम्बपेक्षा मला याचा जास्त राग येतो.

उपाय आपल्याच खताच्या दुकानातला, म्युरेट ऑफ पोटॅश. बिकिनीतच प्रयोग झालेत, घातलं की नारळातलं सीझियम बरंच उतरतं. पण बिकिनीवाले म्हणाले, माती खरवडून न्या. बरोबरच आहे. पिढ्यान्‌पिढ्या पोटॅश टाकायचं कुणाच्या भरवशावर?

खलाशी_गुहागर: काका, मग ते लोक आहेत कुठे?

माडबागायत_वेंगुर्ले: किली बेटावर, माजुरोत, बरेच अमेरिकेत. किलीला आत शांत पाणीच नाही. दर्या खवळला की होडी लागत नाही.

वकील_पनवेल: थोडी भर. २०१४ मध्ये याच मार्शल बेटांनी हेगच्या न्यायालयात भारतावर दावा लावला होता, शिवाय पाकिस्तान आणि ब्रिटनवरही. मागणी पैशांची नव्हती, अण्वस्त्रं कमी करण्याची बोलणी करा एवढीच. ऑक्टोबर २०१६ मध्ये अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर ९ विरुद्ध ७ मतांनी भारताविरुद्धचा दावा निकालात निघाला. आणि १९५४ च्या एप्रिलमध्ये, ब्राव्होनंतर महिन्याभराने, चाचण्या थांबवा म्हणून संसदेत बोलले होते ते आपलेच नेहरू.

खलाशी_गुहागर: हे मेसमध्ये सांगतोच. कधी माजुरोला गेलो तर शहाळं प्यायचं ना?

माडबागायत_वेंगुर्ले: पी खुशाल. दक्षिणेकडे त्या मानाने फारच कमी पडलं.