पोटात एक, कडेवर एक : गरम दमट प्रदेशातल्या प्रवासाचे अनुभव लिहा

मला सध्या १७ वा आठवडा चालू आहे आणि लेक पावणेदोन वर्षांचा आहे. पाच आठवड्यांनी आम्ही आठ दिवसांसाठी एका बेटावर जाणार आहोत, बाराही महिने गरम आणि दमट हवा असते तिथे. डॉक्टरांना बुकिंगच्या आधीच विचारलं, त्या म्हणाल्या १४ ते २८ आठवडे हा प्रवासाला त्यातल्या त्यात बरा काळ, उलट्या थांबलेल्या असतात आणि पोट अजून फार जड झालेलं नसतं, तर जा. पण पहिल्या वेळी मला फक्त स्वतःला सांभाळायचं होतं, ह्यावेळी सोबत पळणारं पोरगंही आहे. सामानाच्या याद्या भरपूर मिळाल्यात, त्या नकोत. दुपारी दोनला पोर कडेवर घे म्हणून हट्ट करतंय आणि तुमच्यात उभं राहायचंही त्राण नाही अशा वेळी तुम्ही नक्की काय केलंत ते वाचायचंय. जे फसलं तेही लिहा, आणि जाणं रद्द केलं असेल तर का केलं ते पण.

सहावा महिना, लेक सव्वादोन वर्षांची

फसलेलंच आधी लिहिते. पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही सकाळी १० वाजता एक जुना किल्ला बघायला निघालो, घरी असताना ठरवलेलं होतं म्हणून. लेक स्ट्रोलरमध्ये बसेना, कारण पट्ट्याचं बकल उन्हात इतकं तापलं होतं की मांडीला टेकल्या टेकल्या ती जी किंचाळली ती त्यात परत बसलीच नाही. मग कडेवर. १२ किलोचं लेकरू, बाबाकडे जायला तयार नाही, आईच हवी. अर्ध्या तासात माझं पोट दगडासारखं कडक झालं, मिनिटभर तसंच राहिलं, सैल पडलं आणि परत कडक झालं. दुखत नव्हतं, पण तासात चार वेळा झालं तेव्हा मी घाबरले. सावलीत डाव्या कुशीवर झाले आणि नवऱ्याने आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न, लघवीला शेवटचं कधी गेला होतात? मला आठवेचना, सकाळी सातनंतर गेलेच नव्हते. अंगातलं पाणी कमी झालं की गर्भाशय असं आवळायला लागतं म्हणाल्या. दोन ग्लास पाणी प्या, आडव्या व्हा, आणि दुखायला लागलं, रक्त दिसलं, अंगावरून पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर क्षणभरही न थांबता जवळचं हॉस्पिटल गाठा, आणि थांबलं तरी आज कुणाला तरी दाखवून या. पाऊण तासात थांबलं. संध्याकाळी तिथल्या डॉक्टरकडे जाऊन तपासून आलो, सगळं ठीक होतं. पण ती पाऊण तास लेक माझ्या पायाशी बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण उघड बंद करत होती आणि मी घड्याळ बघत होते, ते अजून डोळ्यासमोर आहे.

त्यानंतर आम्ही अख्खी ट्रिप उलटी केली. साडेसहाला बाहेर, नऊला परत खोलीत. नऊ ते साडेचार बाहेर पडायचंच नाही, पडदे ओढून लेकीबरोबर मीही झोपायचे. साडेचारनंतर परत समुद्र. लघवीचा रंग हा माझा हिशोब झाला, फिक्या पिवळ्यापेक्षा गडद दिसली की आधी पाणी मग बाकी सगळं. आणि कडेवर घेण्याबद्दल म्हणाल तर मी खाली बसायचे आणि तिला मांडीवर घ्यायचे. उभ्याने उचलणं बंद केलं. ती पहिले दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी स्वतःच "आई बस" म्हणायला लागली.

तिसाव्या आठवड्यात परतीचं विमान, लेक दोनला टेकलेला

छोटंच लिहितो... चुकलं, लिहिते, नवऱ्याने मगाशी त्याच्या फोनवरून लिहायला घेतलं होतं तेच पुढे लिहितेय. विमान कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत पण बऱ्याच ठिकाणी २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र लागतं, एकच बाळ असेल तर ३६ आठवड्यांपर्यंत आणि जुळं असेल तर ३२ पर्यंत घेतात. आमची गंमत नाही, गडबड अशी झाली की मी जातानाचे आठवडे मोजले, परतीचे नाही. जाताना २७ होते, येताना ३०. काउंटरवर पत्र मागितलं, माझ्याकडे नव्हतं, लेक ट्रॉलीवर झोपलेला, मागे रांग. शेवटी डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून फोटो पाठवला तेव्हा सोडलं. पत्रात अंदाजे तारीख, एकच बाळ आहे आणि प्रवासाला हरकत नाही एवढं लिहून घ्या, आणि तारीख प्रवासाच्या जवळची हवी.

दुसरं म्हणजे लेकाचा दुसरा वाढदिवस ट्रिपमध्येच होता. मांडीवर बसवायचं तिकीट दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतच, त्यामुळे येताना त्याला वेगळी सीट घ्यावी लागली. मला तर ते बरंच झालं, सहा महिने उलटल्यावर मांडी शिल्लक राहत नाही. सीटबेल्ट पोटाच्या खाली, मांड्यांवरून.

रद्द केलं, दहावा आठवडा, मुलगी दीड वर्षाची

माझा अनुभव न जाण्याचा आहे. आम्ही जिथे जाणार होतो तिथे झिका असल्याचं डॉक्टरांनी बघून सांगितलं. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये गर्भातच लागण होऊन डोकं लहान असलेली बाळं जन्मल्याचं लक्षात आलं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली होती, तोच हा आजार. आणीबाणी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उठली, पण विषाणू गेला नाही आणि त्याच्यावर लस नाही. पसरवणारा डास डेंग्यूचाच, एडिस, जो दिवसा चावतो, त्यामुळे रात्री मच्छरदाणीत झोपलो की झालं असं नाही.

मला जे माहीतच नव्हतं ते म्हणजे हा नवऱ्याकडूनही लागू शकतो. मी घरी राहिले आणि तो एकटा तिथे कामाला जाऊन आला असता तरी उरलेलं गरोदरपण कंडोम वापरणं किंवा लांब राहणं एवढाच मार्ग होता. आम्ही बसून बोललो, भांडलो पण, पैसे अर्धे बुडणार होते. मी म्हटलं मला उरलेले सगळे महिने प्रत्येक सोनोग्राफीला श्वास रोखून बसायचं नाहीये. नाही गेलो. ज्यांना जायलाच लागतं त्यांना मी काही म्हणत नाही, पण बुकिंगच्या आधी तो देश झिकाच्या यादीत आहे का हे बघाच, नंतर बघितलं की मन पैशाच्या बाजूने विचार करायला लागतं.

पिवळ्या तापाच्या लशीबद्दल एवढंच

आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही उष्ण देशांत शिरताना पीतज्वराच्या लशीचं सर्टिफिकेट मागतात. ती जिवंत विषाणूची लस आहे, गरोदरपणात शक्यतो देत नाहीत, मोठ्या मुलाला मात्र ९ महिन्यांनंतर देता येते. मला डॉक्टरांनी लस देता येत नाही असं पत्र दिलं, पण त्यांनीच सांगितलं की पत्राने सीमेवर सोडतील, आजारापासून नाही वाचवणार. आम्ही ठिकाण बदललं. मलेरियाचंही तसंच, गरोदर बाईला तो जास्त जोरात होतो आणि गोळ्यांमध्ये निवड करायला फार वाव नाही, म्हणून मलेरियाच्या भागात जायचं टाळा असंच सांगतात.

पाचवा महिना, मुलगा पावणेदोन वर्षांचा, चौथ्या दिवशी जुलाब

पिण्याचं पाणी बाटलीचंच देत होतो. पण अंघोळ घालताना तो शॉवरखाली तोंड उघडून उभा राहायचा, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, कदाचित त्यातूनच झालं असेल, सांगता येत नाही. रात्री दोनपासून सकाळपर्यंत सहा वेळा. ओआरएसचं पाकीट होतं पण ग्लासभर दिलं की लगेच उलटी. मग फोनवर मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ग्लास नको, चमचा घ्या, मिनिट दोन मिनिटांनी एकेक चमचा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू करा. नवऱ्याने मोबाईलवर टायमर लावला आणि पहाटे चार ते सात तीन तास चमच्याने पाजलं. सात वाजता लंगोट ओला झाला, नुसत्या लघवीने, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून रडलो.

पाकीट त्याच्यावर लिहिलेल्या मापातच मिसळा, अर्ध्या पाकिटाला अंदाजाने पाणी नको. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी लहान मुलाला अजिबात नाही. रक्त पडलं, डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना किंवा पोर सुस्त पडलं तर चमचा ठेवा आणि उचला हॉस्पिटलला. आणि माझी स्वतःची एक गोष्ट, त्याचे लंगोट मी बदलत होते आणि तिसऱ्या दिवशी मलाही झालं. पुढच्या वेळी हे काम गरोदर नसलेल्या माणसाचं, हात साबणाने धुतले तरी.

बाबाकडून

बायको सातव्या महिन्यात होती, मुलगा अडीच वर्षांचा, पाण्याचं वेड. पहिल्याच दिवशी हॉटेलच्या पूलपाशी ती समजली मी बघतोय, मी समजलो ती बघतेय. तो पायऱ्यांवरून एक पायरी जास्त उतरला आणि पाणी नाकावर आलं. आवाज झाला नाही. काहीच आवाज झाला नाही, हे मला सगळ्यांना सांगायचंय, आरडाओरडा होईल आणि आपण धावू असं आपल्याला वाटत असतं. शेजारच्या बाईंनी उचलला. त्यानंतर आम्ही तोंडाने बोलून ड्युटी बदलायला लागलो, "माझी नजर" असं म्हणायचं आणि दुसऱ्याने "तुझी" म्हणायचं, त्याशिवाय फोनला हात नाही. आणि पाण्यात त्याच्यामागे उडी मारायची वेळ आली तर ती माझ्यावर यावी म्हणून मी कायम काठाच्या बाजूला हाताच्या अंतरावर. सातव्या महिन्यात ओल्या लादीवर धावणं तिच्याकडून अपेक्षितच धरू नका. तिला स्वतःला पोहून फार बरं वाटायचं, पाण्यात पोटाचं ओझं जाणवत नाही म्हणायची. गरम पाण्याचा टब आणि स्कूबा (पाठीला हवेची टाकी लावून खोल पाण्यात जाणं) मात्र बंद, स्कूबाचं कारण असं सांगितलं की वर येताना रक्तात होणारे बुडबुडे गर्भाला गाळून टाकता येत नाहीत.

गरोदरपणात आणि लहान मुलांना डासांचं कुठलं क्रीम चालतं असं कुणीतरी विचारलं होतं

गरोदरपणात डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं चालतं, पाकिटावर लिहिलंय तसं वापरायचं, २० ते ३० टक्केवालं मी वापरलं. मुलांना दोन महिन्यांनंतर चालतं पण तळहातांना, डोळ्यांजवळ आणि तोंडाजवळ नाही, आपल्या हातावर घेऊन मग त्यांना लावायचं. लेमन युकॅलिप्टसवालं नैसर्गिक म्हणून घेऊ नका, ते तीन वर्षांखाली नाही. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून हे. ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत दोघांनाही पॅरासिटामॉलच, आयबुप्रोफेन नाही.

सुरुवात केली होती ती मीच, आता २३ वा आठवडा

काल परत आलो. तुमचं वाचून नऊ ते साडेचार खोलीत थांबायचं आधीच ठरवलं होतं, आणि झिकाचं डॉक्टरांकडून परत एकदा खात्री करून घेतलं मगच निघालो. विमानात पायमोजे घातले होते ते दाब देणारे, दर तासाला उठून चालले, लेकाच्या मागे चालावंच लागलं. उतरताना कान दुखू नयेत म्हणून त्याला स्ट्रॉने पाणी पाजत राहिलो.

एक दुपार वाईट गेली. वीज गेली, एसी बंद, लेक घामाने चिंब आणि किरकिरा, मला गरगरायला लागलं. बाथरूमच्या लादीवर ओला टॉवेल टाकून दोघं बसलो, बादलीत पाय, तो मगाने माझ्या पायांवर पाणी ओतत बसला, "बाळाला पण" म्हणत एक मग पोटावर. नवरा जनरेटरचं विचारायला खाली गेला होता, तो वीस मिनिटांनी आला तोपर्यंत आम्ही तिथेच.

त्याच्या कॉटला मच्छरदाणी नव्हती, ती आमच्याकडची नेली होती आणि गादीखाली चारही बाजूंनी खोचली. पुढच्या महिन्यात ३० आठवड्यांनंतर कुणी जाणार असेल तर त्यांनी आल्यावर इथे खाली लिहा, त्या टप्प्याचं अजून फारसं कुणी लिहिलेलं नाहीये.