१२ बिटांत न मावणारा आकडा
इन्स्ट्रक्शनमधल्या १२ बिटांच्या जागेत आकडा मावत नसेल तर असेम्बलरने (असेम्ब्ली कोडचा मशीन कोड करणाऱ्या प्रोग्रॅमने) फक्त खालचे १२ बिट घेऊन पुढे जावं, अशी एक सूचना आहे. ते पटत नाही. तिथे सरळ एररच हवी. आकडा दोन इन्स्ट्रक्शनमध्ये तोडून देणं ठीक, पण ते रजिस्टरमध्ये आकडा भरणाऱ्या एलआयसारख्या स्यूडो-इन्स्ट्रक्शनपुरतंच, म्हणजे जी प्रोसेसरची स्वतःची नसते, असेम्बलरच तिच्या जागी खऱ्या इन्स्ट्रक्शन घालतो.

तोडतानाची गोम मात्र राहिलीच. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरमध्ये एडीडीआय या बेरजेच्या इन्स्ट्रक्शनचा १२ बिटी इमिजिएट (इन्स्ट्रक्शनमध्येच लिहिलेला आकडा) साइन-एक्स्टेंड होतो, म्हणजे त्याचा सर्वांत वरचा बिट चिन्हाचा धरला जातो आणि आकडा −२०४८ ते २०४७ मध्येच बसतो. हेक्स (१६ पायाचा आकडा) १२३४५८०० भरायचा तर खालचे ८०० हे −२०४८ ठरतात. वरचे २० बिट भरणाऱ्या एलयूआयमध्ये हेक्स १२३४५ टाकून एडीडीआयने ८०० मिळवलं की हाती येतं हेक्स १२३४४८००, बरोब्बर ४०९६ने कमी! तिथे १२३४६ हवं. मूळ आकड्यात आधी हेक्स ८०० मिळवून मग १२ बिट उजवीकडे सरकवले की वरचा भाग दर वेळी बरोबर निघतो, वेगळी अट तपासावी लागत नाही.