स्टेम सेल दान : मॅच पक्का झालाय, घरचे घाबरलेत. कोणी केलंय का?

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज विचारायचंय. विभाग चुकला असेल तर ॲडमिननी धागा हलवावा.

कॉलेजात असताना एका शिबिरात गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना देऊन ब्लड स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी) डोनर म्हणून नाव नोंदवलं होतं. पुढे ते डोक्यातूनच गेलं. आता एवढ्या वर्षांनी रजिस्ट्रीचा (दात्यांची यादी ठेवणाऱ्या संस्थेचा) फोन आला, एका पेशंटशी प्राथमिक मॅच दिसतोय, अजून तयारी आहे का? हो म्हटलं. मग रक्ताचा नमुना नेला, आणि मॅच पक्का असल्याचं परवा कळवलं. पेशंट कोण, कुठला, हे सांगत नाहीत. आता माझी सगळी तपासणी करून तारीख ठरवायची म्हणतायत.

वय २७, वजन ५४, तब्येत ठणठणीत. नोकरी पुण्यात, घर कऱ्हाडला. वैशाखात लग्न आहे आणि घोडं तिथेच अडलंय.

आईच्या डोक्यात पक्कं बसलंय की मणक्यात सुई घालून काढतात आणि बाई कायमची अधू होते. मी यूट्यूबवर दाखवायला गेले तर फोन पालथा ठेवून परत भाजी निवडायला लागली. बाबा एकच विचारतात, "पुढे मूलबाळ व्हायला अडचण आली तर?" आत्याचं म्हणणं, सख्ख्या भावाला द्यायचं असतं तर गोष्ट वेगळी, इथे ओळख ना पाळख. होणाऱ्या नवऱ्याची काही हरकत नाही, पण 'माझ्या आईला लग्नाआधी सांगू नकोस' म्हणाला. ते मला खटकलंय, पण त्याचा वेगळा धागा होईल.

वाचून जे कळलं ते असं. बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन मूळपेशी हाडातून रक्तात उतरवतात. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, हव्या त्या पेशी बाजूला काढतात आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातात परत येतं. कधीकधी भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून मज्जा (बोन मॅरो) काढतात. मणक्याला कोणी हात लावत नाही. ब्लड ग्रुप जुळावा लागत नाही, एचएलए (पेशींवरच्या, आईवडिलांकडून आलेल्या ओळखखुणा) जुळावं लागतं. सख्ख्या भावंडातसुद्धा ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, म्हणून तर परक्यांना शोधतात.

कोणी स्वतः दिलंय का? किती त्रास होतो? त्या इंजेक्शनांचा पुढे काही परिणाम? आणि माझा खरा प्रश्न: नाही म्हणायचंच झालं तर कुठल्या टप्प्यापर्यंत म्हणता येतं? आईला बीपी आहे. मी तारीख घेतली आणि ऐनवेळी तिने अंथरूण धरलं तर?

'पुण्याचं काम आहे, बिनधास्त कर' असे प्रतिसाद कृपया नकोत. पुण्य कळतं मला, वेळापत्रक कळत नाहीये.

– रेवा_कऱ्हाड

---

मिलिंद_नाशिक : मी दिलंय, मशीनवालं. इंजेक्शनं दंडाला नाहीतर पोटावर, कातडीखाली देतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कंबर आणि मांड्यांची हाडं ठसठसायला लागली, फ्लू येण्याआधी अंग मोडून येतं तसं. डोकंही दुखलं. पॅरासिटामॉलवर भागलं. मशीनवर चार-पाच तास पडून राहावं लागतं, दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे नाक खाजवायला बायकोला हाक! मध्येच ओठांभोवती मुंग्या आल्या. रक्त गोठू नये म्हणून जे सायट्रेट घालतात त्याने कॅल्शियम उतरतं. सोसत बसू नका, सिस्टरला लगेच सांगा, कॅल्शियम देतात. एक विचारून ठेवा: हाताच्या शिरा बारीक असतील तर मानेतून किंवा जांघेतून नळी घालावी लागू शकते. तपासणीतच शिरा बघायला सांगा, आयत्या वेळी कळायला नको.

पॅथवाली : त्या इंजेक्शनाचं नाव फिलग्रास्टिम. केमोच्या पेशंटना ते १९९१ पासून दिलं जातंय. निरोगी दात्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून झालंय, त्यांच्यात रक्ताचा कर्करोग वाढल्याचं आढळलेलं नाही. प्लीहा थोडे दिवस सुजते, तेवढे दिवस धसमुसळे खेळ आणि जड उचलणं बंद. काढलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत भरून काढतं. मूल होण्याशी याचा काही संबंध नाही. मात्र गरोदर असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना दान घेत नाहीत. म्हणजे बाबांना सांगा, करायचंच असेल तर लग्नाआधीच सोयीचं आहे.

आत्याबाईंना एक सांगता येईल. जगभरच्या रजिस्ट्र्यांत मिळून चार कोटींच्या वर नावं आहेत, एकट्या जर्मनीत जवळपास एक कोटी. पण एचएलए वंशाप्रमाणे बदलतं, त्यामुळे आपल्याकडच्या पेशंटला जुळणारा माणूस बहुधा आपल्याकडचाच निघतो, आणि इथली यादी लोकसंख्येच्या मानाने फारच तोकडी आहे.

शुभा_खारघर : नाही म्हणण्याच्या प्रश्नाचं मी सांगते, मी पलीकडच्या, पेशंटच्या बाजूची आहे. भाच्याला थॅलेसेमिया (रक्ताचा जन्मजात आजार) होता.

तुमच्या तारखेच्या साधारण आठवडाभर आधी पेशंटला कंडिशनिंग सुरू होतं. मोठ्या डोसची केमो, कधी जोडीला रेडिएशन. त्यात त्याची स्वतःची मज्जा पार संपवतात, नवीनला जागा व्हावी म्हणून. त्यानंतर बाहेरून पेशी मिळाल्या नाहीत तर त्याच्याकडे रक्त तयार करणारं काही उरलेलंच नसतं. कायद्याने तुम्हाला शेवटच्या मिनिटालाही कोणी जबरदस्ती करू शकत नाही. पण खरी शेवटची तारीख म्हणजे कंडिशनिंग सुरू व्हायच्या आधीची. कोऑर्डिनेटरला तीच तारीख विचारा आणि घरी सांगा, काय भांडायचं ते त्याच्या आत भांडून घ्या.

आमचा पहिला दाता सगळं पक्कं झाल्यावर फोन उचलेनासा झाला. केमो सुरू नव्हती म्हणून निभावलं. पुढे वडिलांचा अर्धा मॅच घेऊन केलं, पोरगा आता शाळेत जातो. त्या दात्याने सरळ नाही म्हटलं असतं तर आम्ही समजून घेतलं असतं. फोन न उचलल्याचा राग मात्र अजून आहे.

रेवा_कऱ्हाड : शुभाताई, हेच हवं होतं. उद्याच ती तारीख विचारते. आईबाबांशी रजिस्ट्रीतलं कोणी बोलतं का? आणि इंजेक्शनं घ्यायला रोज हॉस्पिटलात जावं लागतं का? ऑफिसात रजेचा खडखडाट आहे.

मिलिंद_नाशिक : बोलतात. माझ्या सासऱ्यांशी तासभर बोलले होते, आणि त्यांच्याशी तासभर बोलणं सोपं नाही. सुरुवातीची इंजेक्शनं नर्सने घरी येऊन दिली होती, तुमच्याकडे सोय होईल का विचारा. जाण्यायेण्याचा खर्च आपल्याला पडत नाही. पैसेही मिळत नाहीत, हे घरी आधीच सांगा, आमच्याकडे एका काकांनी तोही सूर लावला होता.

रेवा_कऱ्हाड : आत्यापर्यंत तो सूर पोचायच्या आत सांगते. 😄 रविवारी कऱ्हाडला जातेय, कोऑर्डिनेटरचा आणि बाबांचा फोन तिथेच जोडून देईन. शिरांचं लिहून ठेवलंय. पॅथवाली, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, माझे जुने रिपोर्ट जरा बघाल का?