नववीच्या मुलांना बातमीदारी शिकवायची आहे, सुरुवात कशापासून करू?

ऐरोलीची बाई
नमस्कार मंडळी. ऐरोलीतल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. यंदा नववीला शनिवारचा एक तास पत्रकारितेसाठी मिळालाय. चाळीसेक मुलं आहेत, बहुतेकांच्या घरात मिळून एकच मोबाइल. माझा पेपरशी संबंध वाचक म्हणून. उपयोजित लेखनात मुलं 'बातमी तयार करा' हा प्रश्न सोडवतात, पण त्यापलीकडे त्यांना खरं काहीतरी करायला मिळावं असं फार वाटतं. सुरुवात कशापासून करू? वर्षअखेर मुलांच्या हातात काय असावं? आणि शाळेतल्याच एखाद्या त्रुटीवर त्यांनी लिहिलं तर काय करायचं? जाणकारांनी सांगा.

जुना डेस्कवाला, ठाणे
बाई, मोलाचं काम हाती घेतलंत. मी बरीच वर्षं एका मराठी दैनिकात डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून नीट करण्याच्या कामावर होतो, त्यावरून सांगतो. पहिले तीन-चार तास लिहायला लावूच नका. परीक्षेतली बातमी मुलं बाकावर बसून रचतात. पाहुणे, भाषण, तारीख सगळं मनचं. मार्क मिळतात, पण जे घडलं ते लोकांना विचारून आणायचं, हा मूळ भागच त्यात नसतो. म्हणून आधी विचारायला शिकवा.

शाळेच्या शिपाईमामांना वर्गात बोलवा. पाण्याची टाकी कधी धुतात, कशी धुतात यावर त्यांना दहा मिनिटं बोलू द्या. मुलांनी नोंदी घ्यायच्या, प्रश्न विचारायचे. मग वह्या ताडून पाहा. मामा म्हणाले असतील 'महिन्यातून एकदा धुतो', आणि कुणाच्या तरी वहीत 'दर महिन्याच्या एक तारखेला' असं सापडेल. त्या एका वाक्यावर अर्धा तास गेला तरी चालेल. अवतरणचिन्हातलं वाक्य जसंच्या तसं हवं. खात्री नसेल तर चिन्ह काढायचं आणि फक्त आशय द्यायचा.

कोण, काय, कुठे, कधी, का, कसं हे सहा ककार मुलं पटकन पाठ करतील. त्यातला 'का' सगळ्यात घसरडा. तो आपल्या मनाने भरायचा नाही, कुणाच्या तरी तोंडून यायला हवा आणि त्याचं नाव सोबत हवं.

मग इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवातीची एक-दोन वाक्यं. शाळकरी बातमीचा साचा ठरलेला: 'आमच्या शाळेत दि. १२ रोजी विज्ञान प्रदर्शन मोठ्या उत्साहात संपन्न झाले. मान्यवरांचे पुष्पगुच्छ देऊन स्वागत करण्यात आले.' आणि चौथ्या परिच्छेदात कळतं की आठवीतल्या दोघींनी हात धुण्याच्या नळाचं वाया जाणारं पाणी बागेत वळवलं. बातमी तीच आहे! ती अशी वर यायला हवी: 'हात धुण्याच्या नळाचं वाया जाणारं पाणी आता शाळेच्या बागेला मिळतंय. आठवीतल्या दोन विद्यार्थिनींनी विज्ञान प्रदर्शनासाठी ही सोय केली.' जागा कमी पडली की डेस्कवर बातमी खालून कापतात, हे सांगितलंत की महत्त्वाचं वर का घ्यायचं ते मुलांना लगेच पटतं.

शिवाय अधूनमधून एकाच दिवसाचे तीन पेपर वर्गात न्या. एकच घटना, तीन मथळे, कुणी काय गाळलं ते शोधू द्या. अंकातली मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची बारीक ओळही वाचायला लावा. छापलेल्या शब्दाला नाव-पत्त्यासह जबाबदार माणूस असतो, हे त्या ओळीतून कळतं.

कोपरखैरणेचा बाबा
माझी मुलगी नववीतच आहे. पेपर घरी येतो, पण ती यूट्यूबवरच बघते सगळं. माझं मत, मोबाइलवर व्हिडिओ आणि कॅनव्हा शिकवा, मुलांचा उत्साह टिकेल.

कळव्याचा मास्तर
बाबा, किमान पहिल्या सत्रात तरी नको. व्हिडिओ म्हटलं की कॅमेऱ्यासमोर कोण उभं राहणार यातच तास संपतो, आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही ती मुलं मागे पडतात. आमच्या शाळेत भित्तिपत्रक चालतं. ड्रॉइंग पेपर, स्केचपेन आणि जिन्याजवळची भिंत, एवढ्यावर भागतं. पाच-सहा जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला बीट, म्हणजे बातम्या आणायचा ठरलेला विषय द्या: पाणी-स्वच्छता, मैदान, ग्रंथालय, एनएमएमटीच्या बस आणि लोकल. बीट लवकर बदलू नका. ग्रंथपाल बाई ओळखीच्या झाल्या की आपणहून सांगतात नवीन काय आलंय ते. प्रत्येक अंकात दुरुस्तीची चौकट ठेवाच. मागच्या अंकात नाव चुकलं असेल तर ते तिथे नीट लिहायचं. मुलं नावं दोनदा विचारायला लागतात, हा मला दिसलेला सगळ्यात मोठा फरक.

मोबाइल पडताळणीसाठी वापरा. पावसाळ्यात रुळांवर पाणी भरल्याचे जुने फोटो 'आत्ताचे' म्हणून फिरतात. असा एक फोटो गुगल लेन्समध्ये टाकून तो आधी कधी, कुठे आला होता ते मुलांनाच शोधू द्या.

नेरूळची वकील
एक गोष्ट पहिल्याच महिन्यात सांगा. गुन्ह्यात अडकलेलं किंवा अत्याचाराला बळी पडलेलं मूल असेल तर त्याची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ आणि पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ बघा. नाव गाळून शाळा, पत्ता किंवा फोटो दिला तरी ओळख उघड होतेच. भित्तिपत्रकात एरवीही मुलांचे फोटो लावायचे असतील तर पालकांची लेखी परवानगी घ्या.

जुना डेस्कवाला, ठाणे
बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. जरूर लिहू द्या, फक्त रीत पाळायची. समजा स्वच्छतागृहात पाणी नसतं. 'नेहमीच नसतं' असं लिहायचं नाही. आठवडाभर ठरलेल्या वेळी जाऊन नोंद ठेवायची. मग मुख्याध्यापकांना भेटून त्यांचं म्हणणं घ्यायचं आणि त्याच बातमीत छापायचं. प्रसिद्धीपूर्वी पडताळणी आणि दुसऱ्या बाजूला उत्तराची संधी, हे प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतही आहे. मुख्याध्यापकांना ही पद्धत वर्षाच्या सुरुवातीलाच समजावून सांगा, म्हणजे पहिली अवघड बातमी आली की भित्तिपत्रक बंद पडणार नाही.

ऐरोलीची बाई
मनापासून आभार सगळ्यांचे. शिपाईमामांशी बोलले, ते तयार आहेत. भित्तिपत्रकच करायचं ठरवलंय. पहिला अंक ६ जानेवारीला लावू. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' १८३२ मध्ये त्याच तारखेला निघालं, मुलांनाही ते आवडेल. त्या अंकासाठी गावातल्याच किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात न्यायचा विचार आहे, तेव्हा खाडीत फ्लेमिंगो असतात. कुणी 'लाखो फ्लेमिंगो' लिहिलंच तर आकडा कुणी सांगितला हे तिथेच विचारेन. दुसऱ्या सत्रात अजून कुठे नेता येईल?

कळव्याचा मास्तर
ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ पासूनचं. शाळेच्या पत्रावर आधी वेळ ठरवून घ्या आणि जुनी नियतकालिकं बघायला मिळतील का ते विचारा. १८६६ मध्ये ठाण्यातून 'अरुणोदय' हे वृत्तपत्र निघत होतं, हे जाण्याआधी मुलांना सांगा. ट्रान्स हार्बरने ऐरोलीहून ठाणं जवळच आहे, पण शनिवारी दुपारच्या आधी निघा.