मदत हवी आहे: 'माधुरी'च्या मोहिमेवर लघुप्रबंध करतेय, पण मोहीम झाली स्टेटसवर आणि स्टेटस तर उडून गेलेत

नमस्कार मंडळी. मी जनसंवादाच्या एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरातच. डिजिटल आणि समाजमाध्यमं हा माझा आवडीचा भाग, म्हणून लघुप्रबंधाला विषय घेतला तो घरच्या अंगणातला. बाहेरगावच्यांसाठी थोडक्यात: शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठातली महादेवी, म्हणजे लोकांची माधुरी, ही हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जुलै २०२५ च्या शेवटी जामनगरच्या वनतारात, म्हणजे अंबानींच्या प्राणी केंद्रात, नेली. त्यानंतर आठवडाभर आमच्याकडं दुसरा विषयच नव्हता. तिला परत आणा म्हणून सह्यांची मोहीम, अंबानींच्या जिओवरून मोबाईल नंबर दुसऱ्या कंपनीकडं पोर्ट करायचं आवाहन, ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत मूक पदयात्रा. माझी आज्जीसुद्धा "ते पोर्ट कसं करत्यात, दाव की" म्हणून मागं लागली होती.

निर्णय बरोबर की चूक, हा माझा विषय नाही. (कृपया इथं तो वाद नको. त्यासाठी बाकीचं इंटरनेट मोकळं आहे.) मला बघायचंय की कुठल्याही मोठ्या जाहिरातीशिवाय एवढी माणसं एका आठवड्यात कशी हलली.

आधी मी याच्या जोडीला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचं प्रकरणही घेणार होते. २२ जून २०२५ ला मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि इन्स्टावर गदारोळ झाला, ते. दोन्ही दीड महिन्याच्या आतलं, दोन्ही कोल्हापूरचं. मॅडम म्हणाल्या, एकच धर, नाहीतर पीएचडी होईल. प्राडा सोडलं.

आता अडचण. आमच्या भागात ही मोहीम खरी पसरली व्हॉट्सअ‍ॅपवर, त्यातही स्टेटसवर. स्टेटस चोवीस तासांत जातं. ग्रुपवरचं कुणी मला दाखवलं तरी ते वापरायची परवानगी कुणाची घ्यायची, दाखवणाऱ्याची की लिहिणाऱ्याची? इन्स्टावर हॅशटॅग टाकून शोधलं तर माझ्या फोनवर वेगळ्या रील्स आणि मैत्रिणीच्या फोनवर वेगळ्या. त्यात कुणी माधुरी लिहिलंय, कुणी महादेवी, रोमन लिपीत तर दहा तऱ्हा. मग नमुना निवडायचा कसा? जुन्या प्रबंधांत 'क्राउडटँगलवरून माहिती घेतली' असं वाचते, पण ते फेसबुक-इन्स्टाच्या पोस्ट शोधायचं साधन १४ ऑगस्ट २०२४ ला बंदच झालं. एक्सनं (पूर्वीचं ट्विटर) माहिती उतरवून घ्यायचा फुकटचा दरवाजा २०२३ मध्ये बंद केला. हातानं स्क्रीनशॉट काढत बसू का? सिनॉप्सिस महिनाअखेरीला द्यायचाय.

प्रतिसाद: गाईड_पुणेकर

हातानं काढलेले स्क्रीनशॉट चालतात, त्यात कमीपणा नाही. फक्त ते कुठल्या नियमानं काढले हे लिहावं लागतं. हॅशटॅगच्या मागं लागू नका, कारण तिथला क्रम तुमच्या हातात नाही. त्याऐवजी आधी खाती ठरवा: स्थानिक बातम्यांची काही, मीम्सची काही, पुढाऱ्यांची काही, धार्मिक संस्थांची काही. मग तारखा ठरवा, समजा २८ जुलै ते १० ऑगस्ट. त्या खात्यांवरची त्या दिवसांतली या विषयावरची प्रत्येक पोस्ट घ्यायची, आवडलेली आणि न आवडलेली दोन्ही. पाहिल्याची तारीख टिपून ठेवा, कारण लोक पोस्ट काढून टाकतात.

कोडिंगच्या, म्हणजे पोस्टची वर्गवारी करायच्या, तक्त्यात रकाने फार नकोत. पोस्ट कुणाला उद्देशून आहे, काय करायला सांगते (सही कर, पोर्ट कर, चालत ये, नुसतं रड), आधार काय देते, भाषा कुठली. 'भावना' असा रकाना सगळेच ठेवतात आणि तिथंच फसतात, कारण एकाला जो राग वाटतो तो दुसऱ्याला भक्ती वाटतो. म्हणून दहाएक टक्के पोस्ट मैत्रिणीला स्वतंत्रपणे कोड करायला द्या आणि क्रिपेनडॉर्फचा अल्फा काढा, म्हणजे दोघींची वर्गवारी किती जुळते त्याचा आकडा. ०.८० च्या वर असला तर निर्धास्त, ०.६६७ च्या खाली गेला तर तो रकाना एकतर नव्यानं व्याख्या करा नाहीतर टाकून द्या.

आणि युट्यूब विसरलात. तिथला एपीआय, म्हणजे माहिती थेट उतरवून घ्यायचा अधिकृत मार्ग, अजून खुला आहे. 'युट्यूब डेटा टूल्स' म्हणून एक साधन आहे, व्हिडिओचा आयडी टाकला की प्रतिक्रिया तक्त्यात उतरवून मिळतात, प्रोग्रामिंग येत नसलं तरी. पदयात्रेच्या व्हिडिओंखालच्या प्रतिक्रिया हा तुमच्यासाठी खजिना आहे.

प्रतिसाद: निवृत्त उपसंपादक

पोरी, विषय झकास आहे. पण मोहीम फोनवरच झाली असं आधीच धरून चालू नकोस. आमच्या गावात पेपर अजून वाचला जातो, आणि त्या आठवड्यातल्या कित्येक स्टेटसवर चक्क पेपरातल्या कात्रणाचा फोटो होता. मॅककॉम्ब्स आणि शॉ यांचा १९७२ चा विषयसूचीचा सिद्धान्त तुला शिकवला असेलच: माध्यमं ज्या विषयाला जागा देतात, तोच लोकांना महत्त्वाचा वाटतो. इथं तो उलटा तपासता येईल: विषय आधी पेपरात मोठा झाला की आधी फोनवर? करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन त्या दोन आठवड्यांचे अंक बघायला मिळतात का विचार. पहिल्या पानावर कुठल्या दिवशी आला, किती कॉलम, एवढं टिपलंस तरी शेजारी युट्यूबच्या तारखा लावून बघता येईल.

प्रतिसाद: पंचगंगाकाठ

स्टेटसबद्दल एक सांगतो. लोक अनोळखी पोरीला स्वतःचं जुनं स्टेटस दाखवतील ही आशा धरू नका. जून २०२३ मध्ये स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली आणि नेट बंद करावं लागलं, ते कुणी विसरलेलं नाही. त्यापेक्षा मोबाईल रिचार्जच्या दुकानात जा. जयसिंगपूर, शिरोळ, इचलकरंजी. पोर्ट करायला आलेलं गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून काय बोलत होतं, कुणाचं ऐकून आलं होतं, हे त्या पोरांना पाठ आहे. नाद खुळा माहिती मिळेल, आणि कुठल्या एपीआयमध्ये ती नाही.

धागाकर्ती

पंचगंगाकाठ दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं! कॅट्झ आणि लाझर्सफेल्ड यांचा दोन टप्प्यांचा प्रवाह आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता, १९५५ चा. माध्यमातून आधी गावातल्या चार जाणत्यांकडं आणि त्यांच्याकडून बाकीच्यांकडं. रिचार्जवाला हा तो जाणता असू शकतो. काका, पेपरचंही करते.

गाईड सर, परवानगीचं राहिलं. सार्वजनिक खात्यावरच्या सामान्य माणसाची प्रतिक्रिया जशीच्या तशी छापू का?

प्रतिसाद: गाईड_पुणेकर

माणसानं स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्याच्या बाहेर ठेवलेली आहे. पण कायद्यात बसतं म्हणून छापावंच असं नाही. मराठी वाक्य जसंच्या तसं दिलं तर शोधल्यावर माणूस सापडतो. पुढारी, संस्था, वृत्तवाहिन्या यांचं नाव द्या. बाकीच्यांचं नाव काढा आणि आशय तुमच्या शब्दांत सांगा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये गुपचूप शिरून माहिती गोळा करू नका. ग्रुप बंद दाराआडचा असतो, एकानं दाखवलं म्हणजे सगळ्यांची संमती होत नाही. त्यावर थेट मुलाखती घ्या: काय आलं, कुणाकडून आलं, तुम्ही पुढं पाठवलं का. 'अनेकदा फॉरवर्ड केलेलं' अशी खूण दिसली होती का, हेही विचारा. २०२० पासून तसा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो, तरी तो पसरला असेल तर कसा, हा स्वतंत्र प्रश्न होईल.

शीर्षकातून 'प्रभाव' हा शब्द मात्र काढा. प्रभाव मोजायला आधीची आणि नंतरची मोजणी लागते, ती तुमच्याकडं नाही. 'प्रसार' म्हणा.

धागाकर्ती

शीर्षक बदललं: 'नांदणीच्या हत्तिणीसंबंधीच्या मोहिमेचा प्रसार: युट्यूब प्रतिक्रिया, स्थानिक दैनिकं आणि मोबाईल दुकानदारांच्या मुलाखती'. इन्स्टा पूर्ण वगळलं. वाईट वाटलं, पण मॅडम खूश होतील. आता मुलाखतींना माणसं हवीत. पदयात्रेत चाललेलं किंवा पोर्ट करून देणारं कुणी ओळखीत असेल तर इथं नुसतं 'आहे' लिहा, नंबर उघड देऊ नका, मी निरोप पाठवते.

प्रतिसाद: उदगावचा

आहे. वडील चालले होते आणि चुलतभावाचं रिचार्जचं दुकान आहे. दोघांची मतं जुळत नाहीत, तेव्हा वेगवेगळं बसवून विचारा. रविवारी नको, गिऱ्हाईक असतं.