जगभरातली बिअर आणि आपली स्ट्राँग : मला काय आवडलं, काय नाही

मोटरमन_वरुड

अकरा वर्षं मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली. आता वरुडकडे घरची संत्र्याची बाग सांभाळतो. परवा चुलतभावाच्या हळदीच्या रात्री मळ्यात बसलो होतो. कोणीतरी विचारलं, "दादा, साऱ्या जगात चांगली बिअर कोणती?" मी सांगितलं, आणि अर्धी मंडळी नाराज झाली. कारण सगळ्यात वाईट म्हणून मी आपल्याकडच्या ८ टक्केवाल्या स्ट्राँगचं नाव घेतलं. त्या गोंगाटात धड बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

पहिला नंबर चेक पिल्सनरचा. हॅम्बुर्गला बंदराजवळच्या एका खानावळीत पिंपातली ताजी मिळायची. वर बोटभर जाड फेस, आधी सातूची गोडी आणि मागून हॉप्सचा (बिअरमध्ये कडूपणासाठी घालतात ती फुलं) स्वच्छ कडूपणा, कारल्याच्या भाजीत गूळ नीट पडल्यावर लागतो तसा. हिचा इतिहास मला फार आवडतो. प्लझेन गावात १८३८ साली लोकांनी खराब बिअरची ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली आणि गावाची स्वतःची भट्टी बांधायला घेतली. तिथे १८४२ मध्ये योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन कारागिराने पहिली सोनेरी पिल्सनर काढली. आज जगात खपणारी बहुतेक पिवळी बिअर तिचीच नक्कल आहे.

दुसरी डब्लिनची गिनेस. रंग काळा म्हणून लोक तिला जबर समजतात, पण तिच्यात मद्यार्क ४.२ टक्केच. भाजलेल्या सातूमुळे कॉफीसारखी लागते. तिसरी चीनची चिंगदाओ, तीही तिथल्या रस्त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत भरून देतात ती. १९०३ मध्ये जर्मन आणि ब्रिटिशांनी सुरू केलेली भट्टी, आणि आज लोक ताजी बिअर किलोच्या हिशोबात पिशवीत लटकवून घरी नेतात. चौथी बेल्जियममधल्या अँटवर्पची, गोल पेल्यात देतात ती तांबूस बिअर. तिला तिथले लोक 'बोलेके' म्हणतात.

नावडत्या दोन. एक अमेरिकन बडवायझर : तांदूळ घालून इतकी पातळ केलेली की तोंडात काही उरतच नाही. दुसरी आपली स्ट्राँग. तिच्यात चव शोधायला गेलो तर मद्यार्काचा जाळच हाती लागतो. मी तिला बिअर म्हणत नाही.

थ्रेशरवाला_दारव्हा

दादा, तुमी जग पाह्यलं, मले मान्य हाय. पण आमचं बी आयका. मी सोयाबीनच्या हंगामात थ्रेशर चालवतो. दिवसभर भुसा नाकातोंडात जाते, रात्री आंग ठणकते. थ्या वक्ती मले फेस अन् सुगंध नाई पायजे, झोप पायजे. माइल्डच्या दोन बाटल्यांचं काम स्ट्राँगची एक करते. दुसऱ्या बाटलीचे पैसे वाचले तं पोराच्या शाळेची वही येते. ज्याच्या खिशात पैसा हाय थ्यानं चव पाहावी. आमी परवडते थे पाहतो. याच्यात वाईट काय हाय थे सांगा.

धानपट्टा_गोंदिया

स्ट्राँगचं तुमचं तुम्ही पाहा, पण तांदळाला नावं ठेवली म्हणून बोलतो. मी नागपूरच्या एका हॉटेलात सहा वर्षं बारमागे काम केलं. जपानची असाही सुपर ड्राय १९८७ साली आली, तिच्यातही तांदूळ आहे. तिने जपानचा सगळा बाजार हलवला. तांदूळ घातला की बिअर कोरडी, हलकी होते आणि घशात मागे काही रेंगाळत नाही. सावजी मटणाच्या तर्रीनंतर ज्याची जीभ पेटली आहे त्याला तुमची कडू पिल्सनर देऊन पाहा. तिखटावर कडू अजून चढतं. मी शेकडो गिऱ्हाइकांच्या तोंडावर हे पाहिलं आहे. पातळ असणं हा दोष नाही, ती एक गरज आहे.

खारपाणपट्टा

मोटरमन दादा, तुम्ही प्लझेनचं सगळं सांगितलं आणि पाणी राहून गेलं. मी दर्यापूरकडचा, आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून माझं लक्ष आधी पाण्याकडे जातं. प्लझेनचं पाणी अतिशय मऊ, क्षार जवळजवळ नाहीत, म्हणून ती फिकी सोनेरी बिअर तिथे साधली. इंग्लंडमधल्या बर्टन गावचं पाणी जिप्समने जड. तिथे पेल एल ही फिकट रंगाची बिअर फुलली, आणि हिंदुस्थानात पाठवायची जास्त हॉप्सवाली 'इंडिया पेल एल'ही तिथेच नावारूपाला आली. डब्लिनच्या चुनखडीच्या पाण्यात काळी, भाजलेल्या धान्याची बिअर जमते, कारण त्या धान्याचा आंबटपणा पाण्यातल्या चुन्याला तोलतो. आता कारखाने पाणी शुद्ध करून हवे ते क्षार परत घालतात, म्हणून जगभर एकच चव. माझी नावडती बिअर कोणती विचाराल तर हीच : जिला गाव नाही ती.

रसायन_मास्तर

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मोटरमन, तुमचा मुद्दा पटत नाही. जास्त मद्यार्क म्हणजे वाईट बिअर असं असेल तर बेल्जियमच्या मठांत बनणाऱ्या बिअरचं काय करणार? वेस्टमाले ट्रिपेल ९.५ टक्के, शिमेची निळी ९ टक्के, 'रोशफोर १०' नावाची तर ११.३ टक्के. या जगातल्या सर्वात नावाजलेल्या बिअरींमध्ये मोडतात. त्यांच्यातही साखर घालतात, तेव्हा "आपल्याकडे साखर टाकतात" हे लोकांचं नेहमीचं रडगाणंही नको. फरक यीस्टचा आणि दिलेल्या वेळेचा आहे. मठातली बिअर बाटलीत पुन्हा आंबते, आठवडे मुरते, लहान बाटलीत येते आणि रुंद पेल्यातून घोटघोट पितात.

दुसरं, तुम्ही ज्याला स्ट्राँगचा दोष म्हणता तो अर्धा आपल्या उन्हाचा आहे. बिअर नाशवंत माल आहे. मे महिन्यात ४५ अंशांत पत्र्याच्या गोदामात बाटली महिनाभर पडली की आतल्या प्राणवायूने तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. नंतर कितीही बर्फात बुडवा, ती जात नाही. उजेडाचं तर विचारूच नका : हॉप्समधल्या कडू घटकांवर प्रकाश पडला की गंधकाचं एक संयुग बनतं आणि नाकाला झोंबणारा कुजका वास येतो. तपकिरी काच त्याला बरीचशी अडवते, हिरवी कमी, पारदर्शक जवळजवळ नाहीच. दुकानदाराने काउंटरवर उन्हात मांडलेली हिरवी बाटली कधीही घेऊ नका. लेबलवरची तारीख बघा.

वैनगंगा_काठ

मी गडचिरोली जिल्ह्यातली आहे. आमच्याकडे १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती बायांनी, गावांनी रस्त्यावर उतरून मागितली होती. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. तुमची सगळी चर्चा वाचली. कोणाच्या आवडीवर मला बोलायचं नाही, पण एक वाक्य या साऱ्याच्या मागे उभं आहे : "बिअर म्हणजे काही दारू नाही." माझ्या धाकट्या भावाने हेच वाक्य घरात ऐकवलं. एकोणिसाव्या वर्षी स्ट्राँगच्या बाटलीने सुरुवात केली, तेविसाव्या वर्षी सकाळी हात थरथरत होते. आई मोहफुलं वेचून पैसे जोडायची. आमच्या मोहाला गावात पूजेचं स्थान आहे, तरी कोणी त्याला पाणी म्हणत नाही. बिअरला मात्र सगळे थंड पेय म्हणतात. मला चांगली-वाईट बिअर ओळखायची नाही. मला ते वाक्य खोडून हवं आहे.

रसायन_मास्तर

ताई, ते वाक्य हिशोबानेच खोडता येतं. ६५० मिलीची ८ टक्क्यांची बाटली म्हणजे ५२ मिली शुद्ध मद्यार्क. १८० मिलीची व्हिस्कीची क्वार्टर म्हणजे सुमारे ७७ मिली. म्हणजे एक स्ट्राँग ही पाऊण क्वार्टरच्या थोडी खाली. तुमच्या भावाने रोज एक बाटली घेतली असेल, तर रोज जवळजवळ पाऊण क्वार्टर घेतली असं समजा. राज्यात बिअरसाठी वय २१ आहे, त्याला एकोणिसाव्या वर्षी देणाऱ्याने कायदाही मोडला.

थ्रेशरवाला_दारव्हा

ताई, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. मी आठवड्यातून एकदाच घेतो, शनवारी. पण थो पाऊण क्वार्टरचा हिशोब मले आजवर कोणी सांगितला नव्हता.

मोटरमन_वरुड

मास्तर, बेल्जियमचा दाखला बरोबर आहे, मी तो स्वतः अँटवर्पला राहून विसरलो. "८ टक्के म्हणून वाईट" हे शब्द मी मागे घेतो. पण चवीचं म्हणणं सोडत नाही. त्या मठातल्या बाटलीत मनुका, लवंग, भाजलेली साखर लागते, कारण बनवणाऱ्याला ती लागावी असं वाटलं. आपल्या स्ट्राँगमध्ये टक्का आधी ठरतो आणि चव त्याच्या मागे फरफटत येते. थ्रेशरवाले भाऊ, राग तुमच्यावर नाही. तुम्हाला झोपेसाठी जी घ्यावी लागते ती चवीचीही असावी, एवढंच मागतोय.

गोंदियाच्या भावाचं सावजीबद्दलचं म्हणणं मान्य. तिथे माझी पिल्सनर हरते.

ज्वारीचं_कणीस

तुम्ही सगळे सातू आणि तांदळावर बोलता, आपल्या ज्वारीचं कोणी नावच काढत नाही. सातू आपल्याकडे पिकतच नाही, तो राजस्थान-हरियाणाकडचा. ज्वारी मात्र सोयाबीन यायच्या आधी घराघरात होती. नायजेरियाने १९८८ मध्ये सातूच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या कंपन्यांनी ज्वारी आणि मक्यावर बिअर उभी केली. दक्षिण आफ्रिकेत तर ज्वारीची आंबट, दाट घरगुती बिअर पूर्वापार आहे. आपल्या धान्याची बिअर का नको? शेतकऱ्याला भाव तरी मिळेल.

मोटरमन_वरुड

नायजेरियातल्या लागोसला तशी ज्वारीवाली काळी गिनेस प्यायलो आहे, ७.५ टक्क्यांची, डब्लिनपेक्षा खूप जड आणि जिभेवर किंचित तुरट. मला आवडली. पण ज्वारीचं काम सोपं नाही : तिच्या दाण्याला सातूसारखं टरफल नसतं, आणि सातूचं ते टरफलच रस गाळताना गाळणीचं काम करतं. शिवाय तिचा स्टार्च मोकळा व्हायला जास्त उष्णता लागते, त्यामुळे स्टार्चची साखर करणारे एन्झाइम बाहेरून घालावे लागतात.

वैनगंगा_काठ

भाव मिळेल हे कबूल. पण खेड्यात भट्टी आली की ती पिणारा आधी त्याच खेड्यात शोधते. ज्वारीला भाव द्यायचा असेल तर आधी रेशनवर, शाळेच्या आहारात घ्या. माझा विरोध नोंदवा.

ज्वारीचं_कणीस

ताई, विरोध समजला. तरी मी माझ्या म्हणण्यावर आहे. काळी पडलेली ज्वारी आज व्यापारी पडेल भावात नेतो, ती ना रेशनवर चालते ना शाळेत.

थ्रेशरवाला_दारव्हा

मास्तर, शनवारी तालुक्याले जाईन तं बाटलीवरची तारीख पाहीन अन् उन्हातली घेणार नाई. पण घेईन थे स्ट्राँगच. अन् झोपाच्या आधी एकच.