जिप्सीचे इंजिन उघडतोच आहे, तर सीसी वाढवावी का?

संत्रा_बाग (अचलपूर तालुका)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे 2007 सालची मारुती जिप्सी किंग आहे, एमपीएफआय (कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणारे इंजिन), 1298 सीसी. मी तिचा दुसरा मालक असून गेली नऊ वर्षे गाडी माझ्याकडे आहे. शेतातून घरी, घरून अमरावतीला आणि महिन्यातून एकदोनदा परतवाड्यावरून चिखलदऱ्याला, असे तिचे काम आहे. शर्यतीचा किंवा दिखाव्याचा हेतू नाही. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात बागेतल्या काळ्या मातीत गाडी फसू लागली, म्हणून 235/75 आर 15 मापाचे मोठे टायर टाकले, आणि चिखलात त्यांचा चांगला उपयोग झाला.

अडचण अशी आहे की गेल्या वर्षापासून गाडी ओढत नाही. घाटातल्या ज्या वळणांवर ती तिसऱ्या गिअरमध्ये निघायची, तिथे आता दुसरा टाकावा लागतो, आणि पाच माणसे बसली असतील तर एकदोन ठिकाणी पहिलासुद्धा. हजार किलोमीटरला जवळपास एक लिटर ऑइल खाते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, मोजले तेव्हा चार सिलिंडरांत अनुक्रमे 9, 10, 9 आणि 10 किलो आले, आणि प्रत्येकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर काटा 12 च्या आसपास गेला. याचा अर्थ पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजून गेले आहेत, व्हॉल्व्ह ठीक आहेत, असे आमचे मिस्त्री सांगतात. इंजिन उघडणे भाग आहे.

आता तालुक्याच्या गावातील एक लेथवाले म्हणतात की बोअर करायचेच आहे तर मोठे पिस्टन टाकून सीसी वाढवू, गाडी घाटात उडत जाईल. दुसऱ्या एका गॅरेजवाल्यांनी जुन्या बलेनोचे 1590 सीसीचे इंजिन नव्वद हजारांत बसवून देतो म्हणून सांगितले. खर्च एकदाच करायचा आहे, म्हणून ज्यांनी हे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_निदेशक (वर्धा जिल्हा)

भाऊ, तुम्ही कॉम्प्रेशन कोरडे आणि ओले असे दोन्ही प्रकारे मोजून मग प्रश्न विचारला, हे फार बरे केले, कारण त्यामुळे अंदाजाने बोलावे लागत नाही. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शाखेचा शिल्प निदेशक होतो, आणि हा हिशेब मी मुलांना दरवर्षी फळ्यावर करून दाखवत असे.

तुमच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 74 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, 75.5 मिलिमीटर आहे. बोअर सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, त्याला 0.7854 ने, मग स्ट्रोकने आणि शेवटी चार सिलिंडरांनी गुणा, की 1298 सीसी येते. आता या इंजिनासाठी दुरुस्तीचे पिस्टन 0.25 आणि 0.50 मिलिमीटरने मोठ्या अशा दोन ओव्हरसाइज मापांत मिळतात. 0.25 ला सीसी होते सुमारे 1307, आणि 0.50 ला सुमारे 1316. म्हणजे मोठ्यात मोठा पिस्टन टाकला तरी वाढ दीड टक्क्याच्याही आत राहते, आणि ती घाटात तर सोडाच, सपाट रस्त्यावरही कोणाला जाणवणार नाही. बोअर केल्यावर गाडी बदललेली वाटते ती सीसीमुळे नव्हे, तर 9 किलोवर आलेले कॉम्प्रेशन पुन्हा पूर्ववत होते म्हणून. लेथवाल्यांनी दुरुस्तीचा फायदा आणि सीसीचा फायदा एकत्र करून सांगितला आहे. ते दोन वेगळे आहेत, हे मनात पक्के ठेवा.

खऱ्या अर्थाने सीसी वाढवायची तर स्ट्रोक वाढवावा लागतो. बलेनोच्या इंजिनात बोअर 75 आणि स्ट्रोक 90 आहे, म्हणून ते 1590 सीसी भरते. स्ट्रोक वाढला की तेवढ्याच फेऱ्यांत पिस्टनला जास्त अंतर धावावे लागते. मिनिटाला 6000 फेऱ्यांना तुमच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 15 मीटरच्या थोडा वर असतो, तर 90 च्या स्ट्रोकला तो 18 मीटर होतो. कंपनीने त्या इंजिनाचा क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि ब्लॉक त्याच हिशेबाने बनवला आहे, त्यामुळे तिथे ते चालते, पण कोणी तुमच्याच ब्लॉकमध्ये इकडचा क्रँक आणि तिकडचा पिस्टन जुळवून देतो म्हणाले, तर गाडी तिथून घरी घेऊन या.

कॉम्प्रेशन रेशोही, म्हणजे सिलिंडरातली हवा किती पट दाबली जाते तेही, विसरू नका. समजा रेशो 9 ला 1 आहे. एका सिलिंडरचे 324.7 सीसी भागिले 8 केले की वरच्या पोकळीत सुमारे 40.6 सीसी जागा उरते. त्याच पोकळीखाली 397.6 सीसीचा सिलिंडर आला, तर रेशो पावणेअकराच्या पुढे जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर असतो, एअर फिल्टरमध्ये जाणारी हवाच तापलेली असते, आणि अशा वेळी चढावर एक्सलरेटर दाबला की इंजिन खडखड वाजू लागते. त्या नॉकिंगने पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटलेल्या मी माझ्या हाताने बाहेर काढल्या आहेत. शिवाय तुमच्या ईसीयूमधला (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला) पेट्रोलचा हिशेब 1298 सीसीवर बांधलेला आहे. हवा वाढली आणि पेट्रोल त्या प्रमाणात वाढले नाही, तर मिश्रण पातळ होऊन पिस्टनचा माथा जळतो.

एक गोष्ट मात्र नक्की करा. बोअर इतका झिजला का, हे इंजिन उघडण्याआधी शोधा. एअर फिल्टरच्या पुढे थ्रॉटल बॉडीकडे (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागाकडे) जाणारी रबरी नळी काढा आणि आतून बोट फिरवून पाहा. बोटाला धूळ लागली, तर नवा बोअरही दोन वर्षांत जाईल.

घाटंजीकर

मी 1.6 चे इंजिन बसवले होते, म्हणून अनुभव सांगतो. ओढ वाढते, यात शंका नाही. जिप्सीचा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) 103 न्यूटन-मीटर 4500 फेऱ्यांना मिळतो, आणि बलेनोच्या इंजिनाचा 130 च्या घरातला टॉर्क 3000 लाच हाती येतो, त्यामुळे घाटात गिअर बदलण्याची गरज निम्म्याने कमी झाली. पहिले चार महिने मी फार समाधानी होतो.

त्यानंतर एप्रिल आला. रेडिएटर जिप्सीचाच ठेवला होता, आणि यवतमाळकडे येताना घाटात काटा लाल रेषेला टेकू लागला. मोठा रेडिएटर, दुसरा पंखा, क्लच प्लेट असे एकामागून एक खर्च निघत गेले. माउंटिंगचे वेल्डिंग दोनदा तुटले. हे काम ज्यांनी केले त्यांनी नंतर फोन उचलणे बंद केले.

पण खरा फटका कागदपत्रांचा बसला. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि आरसीवर तोच नंबर आणि तीच सीसी असावी लागते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीची नोंद विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. माझ्या गाडीला 15 वर्षे पूर्ण झाली आणि नूतनीकरणासाठी तपासणीला नेली, तेव्हा निरीक्षकांनी बॉनेट उघडून नंबर ताडला आणि गाडी परत पाठवली. त्यांची काही चूक नव्हती. जुने इंजिन मी भंगारात दिले नव्हते म्हणून निभावले. तेच दुरुस्त करून पुन्हा बसवले.

विम्याचाही विचार करा. खासगी कारच्या थर्ड पार्टी विम्यात 1500 सीसी ही सीमा आहे. 2022 मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे 1000 ते 1500 सीसीला वर्षाचा मूळ हप्ता 3416 रुपये होता आणि 1500 च्या वर 7897 रुपये. कागदावर 1298 लिहून हप्ता भरायचा आणि आत 1590 चे इंजिन ठेवायचे, अशा गाडीचा अपघात झाला आणि त्यात कोणाचा जीव गेला, तर विमा कंपनीसमोर आपण काय उत्तर देणार? या विचाराने मला त्या काळात रात्री गाडी चालवायला नको वाटायचे.

तुमची गाडी 2007 ची आहे, म्हणजे 2022 ला एकदा नूतनीकरण झाले असेल आणि पाच वर्षांचा हिशेब धरला तर 2027 ला पुन्हा तपासणी आहे. तेवढे लक्षात घेऊन ठरवा.

मोहर्ली_गेट

इंजिनाबद्दल वरच्या दोघांनी सांगितले, त्यात मला भर घालायची नाही. मला तुमच्या प्रश्नातले एक वाक्य महत्त्वाचे वाटले, आणि ते टायरचे आहे.

ताडोब्यात सफारीच्या जिप्सींची देखभाल मी अनेक वर्षे करत आहे. जिप्सीच्या मूळ टायरच्या बरोबरीचे आजचे माप 205/70 आर 15 धरले, तर चाकाचा व्यास सुमारे 668 मिलिमीटर येतो. तुमच्या 235/75 चा व्यास सुमारे 733 आहे. म्हणजे चाक जवळपास दहा टक्क्यांनी मोठे झाले. चाक मोठे झाले की प्रत्येक गिअर तेवढाच उंच होतो, आणि रस्त्याला मिळणारी ओढ नऊ टक्क्यांनी घटते. तुमच्या मीटरमध्ये 60 दिसते तेव्हा गाडी प्रत्यक्षात 66 च्या आसपास पळत असते; मोबाइलच्या जीपीएसवर पडताळून पाहा. त्यात टायरचे वजनही वाढलेले आहे.

हीच घट सीसी वाढवून भरून काढायची म्हटली, तर इंजिन सुमारे 1425 सीसीचे करावे लागेल. केवळ बोअरने ते साधायचे तर 74 चा बोअर साडेसत्याहत्तर करावा लागतो, म्हणजे साडेतीन मिलिमीटरने मोठा, आणि तेवढे लोखंड त्या ब्लॉकच्या भिंतीत नाही. तेच काम टायर मूळ मापाचे टाकून एका दुपारी होते. चिखलासाठी खोल नक्षीचे टायर लहान मापातही मिळतात. चिखलात पकड मिळते ती नक्षीमुळे, उंचीमुळे फक्त पोट जमिनीपासून सव्वा इंच वर राहते. मोठे टायर ठेवायचेच असतील, तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शिअलमध्ये जास्त दातांच्या प्रमाणाचे क्राऊन-पिनियन (चाकांना फिरवणारी दातेरी चक्रांची जोडी) बसवणे हा दुसरा मार्ग आहे, पण ते दोन्हीकडे एकाच प्रमाणाचे हवे, नाहीतर फोर व्हील टाकताक्षणी गिअरपेटीवर ताण येतो.

घाटात गाडी चढत नाही म्हणून कोरड्या डांबरावर फोर व्हील लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) लावत असाल, तर ते कृपया थांबवा. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, डांबरावर टायर घसरू शकत नाही, आणि तो सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीत, साठतो.

संत्रा_बाग (अचलपूर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. फोर व्हील लो मी दोनदा लावले होते, आता लावणार नाही.

काल सकाळी नळी काढली. वरून पाहता ती धडधाकट होती, पण क्लिपच्या खालच्या बाजूला, जिथे नजर जात नाही, तिथे करंगळीच्या नखाएवढी चीर होती. आतून बोट फिरवले, तर कापसाच्या हंगामात पांदणीवर उडते तशी मऊ, तांबूस धूळ पेराएवढी लागली. थ्रॉटलच्या पाकळीवरही तिचा थर होता. किती दिवस हे इंजिन ती धूळ गिळत होते, या विचाराने मला फार वाईट वाटले, कारण एअर फिल्टर मी प्रत्येक सर्व्हिसला न चुकता बदलत आलो आहे आणि त्यावरच निर्धास्त होतो.

शेजाऱ्यांच्या बोलेरोचे काम ज्या गॅरेजात सुरू होते तिथून जिप्सीच्या मूळ मापाची चार जुनी चाके एका दिवसासाठी मागून आणली आणि त्याच आजारी इंजिनावर घाट चढून पाहिला. तिसरा गिअर सगळीकडे टिकला नाही, पण पहिल्याची गरज कुठेच पडली नाही.

त्यामुळे 1590 चा विचार सोडला आहे. बोअर 0.25 मध्ये साफ झाला तर 0.25, नाहीतर 0.50, आणि टायर 205/70. निदेशक सर, ब्लॉक अमरावतीला नेताना आणखी काय पाहावे?

निवृत्त_निदेशक (वर्धा जिल्हा)

आधी ब्लॉक मोजून घ्या. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा आणि उभा असा मोजला पाहिजे. धूळ खाल्लेला बोअर वरच्या रिंगेच्या जागी सर्वांत जास्त झिजलेला असतो, आणि माप त्यावरून ठरते. 0.25 मध्ये निघत असेल तर तिथेच थांबा, म्हणजे पुढच्या वेळी 0.50 शिल्लक राहते.

माप ठरले की पिस्टन आधी विकत घ्या आणि हातात घेऊन लेथवर जा. चारही पिस्टन मायक्रोमीटरने मोजून, ज्या पिस्टनला जो सिलिंडर त्यावर तसा नंबर टाकून, मग बोअर आणि होनिंग (बोअरच्या आत घासून बारीक रेषा पाडणे) करायला सांगा. बोअर आधी करून पिस्टन नंतर शोधले, तर मधली फट नशिबावर राहते. होनिंगनंतर ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने घासून धुवा, आणि पांढरे फडके आतून फिरवल्यावर ते पांढरेच निघेपर्यंत धूत राहा. डिझेलने पुसलेला बोअर स्वच्छ दिसतो, पण होनिंगची बारीक कणी रेषांमध्ये अडकून राहते. धुवून झाल्यावर लगेच ऑइलचा हात फिरवा, नाहीतर अर्ध्या तासात गंज धरतो.

टायमिंग बेल्ट आणि ती फाटलेली नळी, दोन्ही नवीन टाका. पहिले हजार किलोमीटर एकाच वेगाने सलग चालवू नका, आणि चिखलदऱ्याचा घाट त्यानंतर.